हिरवं लुगडं

"अगं, ओढा की मला! नाक चेंगरून राह्यलं!"

धान्याच्या रिकाम्या कणगीत डोकं खाली आणि पाय वर अशा अवस्थेत कल्याण बोंबलत होता. शालू आणि सुमेधानं त्याचा एकेक पाय धरला आणि हिसका देऊन त्याला बाहेर काढलं. अंगभर धुरळाच धुरळा!

"भूत दिसतोस!" शालू म्हणाली.

"दिसू दे! पण ही कणगी बाहेरून माझ्या छातीला लागते ना? मंग आत हात इतक्या जल्दी तळाला कसा टेकला?"

शालूनं खराट्याची काठी आत घातली. काठी अर्ध्यातच अडली. "बापरे! हिला खाली दुसरा तळ आहे!"

दिवाळीच्या सुट्टीत शालू जालन्याहून वडीगोद्रीजवळच्या या गावी काकांकडे आली होती. कल्याण तिचा चुलतभाऊ आणि सुमेधा गावातली मैत्रीण. हे घर मात्र चांगुणाबाईचं होतं, आणि त्याची पायरी चढायची शालू-कल्याणला सक्त मनाई होती. नव्वदी ओलांडलेली ही म्हातारी गावाच्या लेखी फितूर! निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या हत्यारबंद रझाकारांनी तिचा नवरा मारला, आणि तीच विधवा कुंकू लावून, हिरवं लुगडं नेसून शेजारगावच्या त्यांच्या ठाण्यात भाकरी थापायला जायची. शालूचे पणजोबा रखमाजी रझाकारांविरुद्ध लढले. त्यांना हिनंच पकडून दिलं आणि ते गोळीला बळी पडले, असं सारे म्हणत.

"आमची आजी तुळजाबाई बघा! त्या फितूर बयेनं छपरावर वाळत घातलेलं हिरवं लुगडं तिनं ओढलं आन् सरळ चुलीत घातलं! त्याच दिवशी रखमाजीआजोबा गेले," ही गोष्ट कल्याणचे वडील, सरपंच राधेश्यामकाका दर सणाला पारावर सांगत. ऐकताना शालूची छाती अभिमानानं फुगे.

आता रखमाजींच्या स्मारकाची कमान नेमकी चांगुणाबाईच्या घराच्या जागी होणार होती. दिवाळी झाली, की तिची रवानगी वृद्धाश्रमात! तिला रोज पाणी भरून देणाऱ्या सुमेधानं सामान आवरायला या दोघांना चोरून आणलं होतं.

कल्याणनं विळ्यानं तळ खरवडला. खालून एक फडकं निघालं आणि फडक्यातून घरंगळली गंजकी काडतुसं!

"ठिवा ते जागेवर!" बाजेवरून चांगुणाबाई ओरडली.

"आजी, ही कुणाची?" शालूनं विचारलं.

"बोलता येत न्हाई बाई. आण हाय. रखमाजीनं बेलभंडारा उचलाया लावला व्हता."

"पण ते तर कधीच गेले!"

"गेला. आण सोडवायची राह्यली."

शालू हळूच म्हणाली, "फितुराला कुणी विश्वासानं आण घालतं का रे?"

"आपण शपथ घालतो, मंग 'सुटली' म्हणतो," सुमेधा म्हणाली. "हिला जन्मभर कुणी म्हणलंच न्हाई!"

"मी म्हणते! मी त्यांची पणती आहे!"

"तुझ्यानं व्हत न्हाई. घरातल्या थोरल्यानं म्हणावं लागतं. आन् तुझा काका माझ्या दारी थुकायला बी येत न्हाई."

"येईल!" शालू म्हणाली आणि थेट काकांकडे धावत सुटली.

"काका, चांगुणाआजी घर सोडेल! पण एक अट आहे. तिच्या दारात उभं राहून 'रखमाजींनी घातलेली आण सुटली' असं तुम्ही म्हणायचं!" शालूनं थाप मारली.

"एवढंच? डोकं फिरलंय म्हातारीचं!" काका हसले. "बिलकुल म्हणतो!"

चार पंच साक्षीला घेऊन ते आले आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "रखमाजीनं घातलेली आण सुटली! आता निघा, बाई!"

चांगुणाबाई भिंतीला धरून उभी राहिली.

"सुटली? मंग ऐका. धाड कुठं पडनार, ते ठाण्यात भाकरी थापताना कळायचं. काडतुसं बी मीच पिठाच्या पाटीतून चोरून आणायची. रांडमुंड बाई म्हून गेले असते, तर नवरा कोणी मारला ते त्यांनी इचारलं असतं. म्हून कुकू लाव म्हणला रखमाजी. आन् खूण ठरली व्हती. माझ्या छपरावर हिरवं लुगडं दिसलं, की त्यानं गावात यायचं न्हाई."

"मग पणजोबा का आले?" शालूनं विचारलं.

चांगुणाबाईनं काकांकडं पाहिलं. "म्या टाकलं व्हतं लुगडं. त्याला दिसलं न्हाई."

लुगड्याचं काय झालं, ते लहान पोरालाही पाठ होतं.

"आजीला... माहीत होतं?" काकांनी विचारलं.

"न्हाई. आण आड आली. आन् नसती आली, तरी कोण्या तोंडानं सांगू तुळजाला, तुझं कुकू तूच पुसलं म्हून?"

काका पायरीवरच बसले.

मग शाबासकीचा पाऊस पडला. "पोरांनो, मोठ्या मोठ्यांना जमलं न्हाई ते तुम्ही केलं!" म्हातारे कडूबा पंच म्हणाले. कमान पलीकडं सरकली, चांगुणाबाईचं नाव दगडावर कोरायचं ठरलं. "पण लुगड्याचं लिहू नका," पंचांनी हळूच बजावलं. "घरातली गोष्ट घरातच राहू द्या."

शालूला संताप आला. इतकी वर्षं पारावर मिरवलेली गोष्ट आज घरातली झाली!

स्मारकाच्या उद्घाटनाच्या दिवशी तिनं कल्याणच्या आईकडून, दैवशालाकाकूंकडून हिरवं लुगडं मागून घेतलं आणि कल्याणच्या खांद्यावर चढून चांगुणाबाईच्या छपरावर पसरलं. हारतुरे घेऊन काका तिथून गेले. त्यांनी वर पाहिलं, टोपी काढली आणि मान खाली घालून पुढं गेले.

चांगुणाबाईला बाजेवरून उठवत नव्हतं. कर्ण्यातून तिचं नाव, पोरांचं कौतुक, टाळ्या, सगळं आत ऐकू येत होतं. तिचं तिकडं लक्षच नव्हतं.

"शालू, भाईर बघ गं. हाये का लुगडं?"

शालू बाहेर जाऊन आली. "आहे, आजी."

म्हातारीनं डोळे मिटले. जरा वेळानं पुन्हा उघडले.

"आणिक एकदा बघ. कुणी वढलं न्हाई ना?"