मार्टिनीपुरता बर्फ

“भाऊ, बर्फ पायजे. पण काचेसारखा. आतमंदी पांढरं दिसलं तं मी घेणार नाही.”

सहदेवनं मान वर केली. दोन हजार सहाच्या मे महिन्यातली दुपार होती. अकोल्याच्या रस्त्यांवरचं डांबर चपलांना चिकटत होतं आणि बारा-बारा तासांच्या भारनियमनानं घरोघरचे फ्रिज नुसती कपाटं होऊन बसले होते. इनायतुल्लाचाचांच्या बर्फ कारखान्याच्या दारात एक मुलगी स्कूटीवरून उतरली होती. ओढणीनं तोंड गुंडाळलेलं. दिसत होते ते फक्त डोळे... आणि त्या डोळ्यांत विनंती अजिबात नव्हती.

सहदेव या कारखान्याचा कारभार पाहत असे. कृषी विद्यापीठाची पदवी घेऊन तो चार वर्षं वडिलांच्या काळ्या रानात राबला होता, आणि ज्या दिवशी विकलेली बैलजोडी दावणीची सुटली त्या दिवशी इथे येऊन उभा राहिला होता. बोलणं त्याला जमत नसे. राग मात्र जमत असे. तोही आतल्या आत, साच्यातल्या पाण्यासारखा, कडेकडेनं हळूहळू घट्ट होत जाणारा.

त्या सकाळी त्यानं एका खेड्यासाठी तीन लाद्या टेम्पोत चढवल्या होत्या. लग्नघरासाठी नव्हे. पुण्याहून मुलगा पोहोचेपर्यंत बापाचा देह राहावा म्हणून. त्या उन्हाळ्यात पंगतींपेक्षा अशाच घरांकडे बर्फ जास्त जात होता, आणि प्रत्येक लादीबरोबर सहदेवच्या मनात काहीतरी अधिक गोठत होतं.

“कायले पायजे?” त्यानं विचारलं.

“मार्टिनीले.”

“म्हणजे?”

“दारू असते. जिन आन् व्हर्मूथची.”

त्यानं हातातला चिमटा खाली ठेवला. “नाही भेटणार.”

“कावून?”

“सकाळपासून मयताले बर्फ देऊन राहिलो मी. तुमच्या पार्ट्यायसाठी माह्यापाशी बर्फ नाही.”

मुलीनं ओढणी सोडली. उन्हानं लाल झालेला चेहरा संतापानं अधिकच लाल झाला होता.

“म्हणजे मेलेल्याले बर्फ देता, जित्याले नाही. वा.” तिचा आवाज चढला नाही, उलट खाली उतरला. “आन् पार्टी कोणाची? नांदगाव खंडेश्वरच्या वामनरावाच्या पोरीची? माया बापानं जल्मात चहाशिवाय काई पेलं नाही. माई नोकरीची परीक्षा हाय, भाऊ. दहा दिवसांनी, पुण्याच्या हॉटेलात. हॉटेलच्या कॉलेजात तीन वर्षं आमाले पाण्यानं दारू शिकवली. जिन म्हणून पाणी, व्हर्मूथ म्हणून लिंबूसरबत. खरी एकदाही हातानं केली नाही. घरी करून पाहावं म्हटलं तं लाइन नाही, आन् लाइन नाही तं बर्फ नाही. आता सांगा, पार्टी करून राहिली का मी?”

सहदेवनं करवत उचलली. लादीचा गाभा नेहमी पांढरट असतो, पाण्यातली हवा तिथे कोंडून राहते. कडा मात्र निर्मळ, आरपार दिसणाऱ्या. त्यानं त्या कडा कापल्या, भुशात घोळवून गोणपाटात गुंडाळल्या आणि म्हणाला, “स्कूटीवर पाणी होऊन जाईन. पत्ता सांगा... मी आणून देतो.”

हे शब्द कोणाचे, असं वाटून तो स्वतःच क्षणभर थांबला.

तिचं नाव रागिणी. जठारपेठेत ती आपल्या आत्याकडे, मैनाबाईंकडे उतरली होती. स्वयंपाकघराच्या ओट्यावर तिनं सगळा संसार मांडला होता: एका वरिष्ठ मैत्रिणीनं दिलेली जिनची छोटी बाटली, दुसऱ्या बाटलीच्या तळाशी उरलेली व्हर्मूथ नावाची कडवट वाइन, मुरंब्याची काचेची बरणी, लांब दांड्याचा चमचा, चहाची गाळणी आणि मफलरमध्ये बाळासारखा गुंडाळलेला, लांब दांड्याचा एकच एक पेला.

“सात खेपा होतीन एवढीच जिन हाय,” ती म्हणाली. “रोज एक. चुकलं तं मोरीत.”

पहिल्या दिवशी पेला गरम होता. दुसऱ्या दिवशी बर्फाचे तुकडे बारीक निघाले आणि भराभर वितळून बरणीत पाणीच वाढलं. तिसऱ्या दिवशी सहदेवनं कारखान्यातला तापमापक आणला. बरणीत बर्फ भरायचा, चार भाग जिन, एक भाग व्हर्मूथ. मग ढवळायचं, हलवायचं नाही, चमच्याची पाठ काचेला लागून फिरली पाहिजे, आवाज होता कामा नये. शेवटी कागदी लिंबाच्या सालीचा पिळा, पेल्याच्या वर धरून, एकदाच. पारा शून्याखाली उतरला तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहिलं... आणि दोघांच्या एकदमच लक्षात आलं की हे बरोबर झालं की चूक, हे सांगणारं या घरात कोणीही नाही. दोघांनीही आयुष्यात दारू चाखलेली नव्हती.

“आना इकडं,” मैनाबाई म्हणाल्या. त्यांनी चमचाभर तोंडात घेतलं, डोळे मिटले, बराच वेळ मिटूनच ठेवले. “निरगुडीच्या काढ्यापेक्षा बरं हाय. पण याच्यासाठी मानूस पैसे देते? बाकीचं टाक मोरीत. झुरळं रोज झिंगून राहिली माह्या घरातली.”

चौथ्या दिवशी रागिणीनं व्हर्मूथची बाटली त्याच्यासमोर धरली. “वास घे. मले काई समजत नाही याच्यातलं. नुसतं कडू कडू.”

सहदेवनं डोळे मिटले. कितीतरी दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावरची शीर सैल झाली. “दवणा,” तो हळूच म्हणाला. “चैतात देवाले वाहतो थो दवणा. त्याच्याच घराण्यातली वनस्पती हाय याच्यात. आमाले शिकवली होती... मी वाफ्यात लावला बी होता.”

“मंग कावून सोडलं?”

“सोडलं नाही. सुटलं.”

लिंबाची साल त्या दिवशी तिनं त्याच्या हातून पिळून घेतली. पाचव्या दिवशी मैनाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, “कालपरवापर्यंत भाऊ होता. आज नुसताच सहदेव झाला व?”

रागिणीनं चमचा इतक्या जोरात फिरवला की बरणी वाजली. सहदेवनं मान खाली घातली, पण कानांच्या पाळ्या त्याला लपवता आल्या नाहीत.

आणि त्याच संध्याकाळी तिनं सहज सांगितलं, की परीक्षा पुण्याची असली तरी नोकरी जहाजावरची आहे. नऊ महिने.

“जहाजावर,” तो म्हणाला. गोणपाटाची घडी घालणारे त्याचे हात थांबले. “चांगलं हाय. जा. सगळेच जाऊन राहिले. शिकलं का जा, समजलं का जा. इथं ऊन राहीन, धुऱ्यावरच्या बाभळी राहतीन आन् म्हातारे राहतीन.”

“मंग थांबून काय करू? तू थांबला ना. काय केलं थांबून?” तिचे डोळे पहिल्या दिवसासारखे झाले. “बर्फ.”

तो बाहेर पडला. रस्ताभर त्याच्या मनात उत्तरं सुचत राहिली, एकाहून एक धारदार. आणि कारखान्यापर्यंत पोहोचला तेव्हा त्यातलं एकही खरं नव्हतं, हे त्याला कळून चुकलं होतं. पुढचे दोन दिवस त्यानं बर्फ हमालाच्या, पुंजारामच्या हाती पाठवला. दोन दिवस त्याला त्या न पाहिलेल्या जहाजाचा असा राग येत होता, जणू ते त्याच्या शेतातून चाललं होतं.

आठव्या दिवशी, टळटळीत दुपारी, ती कारखान्यात आली. सहदेव बर्फ साठवण्याच्या खोलीतून लादी ओढून बाहेर काढत होता. ती थेट त्या जाड दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली.

“काल बर्फ पांढरा होता.”

“पुंजारामनं गाभा देला असंन.”

“पुंजारामले कायले पाठवलं? तुये पाय मोडले होते?”

“काम होतं.”

“खोटं बोलतानी तरी वर पाह्य.”

“उद्या चालली ना? मंग आता बर्फ कसा बी असला तं काय...”

“बर्फाचं बोलून राहिली का मी?”

कार्यालयाच्या खिडकीतून इनायतुल्लाचाचांनी चष्मा कपाळावर सरकवला. “सहदेव मियाँ, झगडा अंदर करो, नहीं तो बाहर करो. दरवाजे में मत करो. मेरा बर्फ जा रहा है.”

रागिणीनं एक पाऊल आत टाकलं आणि दार ओढून घेतलं.

आत पिवळा मिणमिणता दिवा होता, लाद्यांच्या निळसर भिंती होत्या आणि बाहेरच्या पंचेचाळीस अंशांची आठवणही नव्हती. बोलण्याआधीच तिचा श्वास धुरासारखा दिसू लागला. अकोल्याच्या मे महिन्यात स्वतःचा श्वास पाहून ती क्षणभर दचकली, पण राग सोडायची तिची तयारी नव्हती.

“बोल,” ती म्हणाली. “मी इथं गारठून मरायच्या आंधी बोल.”

“नको जाऊ, असं मी म्हणणार नाही.”

“मायीत हाय. तुई हिंमतच नाही.”

“हिंमतीचं नाही थे.” सहदेवचा आवाज फुटला, आठ दिवसांचा, कदाचित चार वर्षांचा. “तू जायलेच पायजे. पण मले राग येते. या उन्हाचा येते, त्या जहाजाचा येते, माया सोताचा तं सगळ्यात जास्त येते. नऊ महिने कोणतरी तिथं तुया हातचं पिईन, आन् त्याले समजणार बी नाही का चमचा फिरवतानी तुये ओठ हालतेत. मनातल्या मनात आकडे मोजतं तू. पन्नासले थांबतं. थे फक्त मले मायीत हाय... आन् मी इथं राहीन. याचा राग येते मले.”

तिनं ओढणी अंगाभोवती घट्ट गुंडाळली.

“याले राग म्हणते का, येड्या?”

“मंग काय म्हणते?”

“तूच सांग. मी नाही सांगणार.”

या वेळी त्यानं वर पाहिलं. “मले तू पायजे,” तो म्हणाला. एखाद्याशी भांडताना म्हणावं तसं.

“आता हेच रागावल्याशिवाय म्हण.”

त्यानं प्रयत्न केला. तोंड उघडलं, मिटलं. “नाही जमत.”

“राहू दे.” तिनं आपले गारठलेले दोन्ही हात त्याच्या हातांत दिले. बर्फ उचलून घट्टे पडलेले ते तळवे, आश्चर्य म्हणजे, कोमट होते. “आन् परीक्षेत मी नापास झाली तं?”

“कशी होशीन?” तो जवळजवळ ओरडलाच. “कोण करते तुले नापास? त्या हॉटेलवाल्यायले म्हणा, हिच्यासारखी कोणी करून दाखवा आंधी. बाराशे मैलात कोणी करून दाखवा. नापास म्हणे.”

आणि बोलता बोलता त्याला स्वतःचं बोलणं ऐकू आलं. दोन दिवस जे जहाज बुडावं असं तो मनोमन म्हणत होता, त्याच जहाजावर तिला कोणी चढू दिलं नाही, तर त्या माणसाची गय करायला तो तयार नव्हता.

रागिणी त्याच्याकडे पाहत राहिली. तिच्या पापण्यांवर दव साचलं होतं.

“सकाळी सहाची गाडी हाय,” ती म्हणाली. “स्टेशनवर ये. रिकाम्या हातानं.”

“येईन,” सहदेव म्हणाला, रागानंच, आणि तिचे हात काही त्यानं सोडले नाहीत.