डावा खांदा बोटभर खाली

मावशींच्या दुकानात नवीन असं काही शिवलं जात नसे. पँट आखूड करायची, चेन बदलायची, कंबर सैल करायची, बस. लोकांचे कपडे उसवण्यात आणि पुन्हा जोडण्यात चाळीस वर्षं गेली. दुकान म्हणजे एकच खोली. लांब टेबल, मशीन, उभा आरसा, कोपऱ्यात लाकडी पुतळा आणि टेप टांगायला भिंतीवर एक खिळा. किल्लीही एकच, ती मावशींच्या कमरेला.

कपाटात मात्र राखाडी लोकरी कापडाचा तुकडा होता, तरुणपणी घेतलेला. त्याचा कोट शिवायचा, कुणाचा बघून नाही, स्वतःच्या मनातला. त्यासाठी मावशींनी कागदाचे एकेचाळीस नमुने कापून पुतळ्यावर लावले आणि एकेक करून रद्दीत टाकले. कधी कॉलर नडली, कधी बाही.

"एकदा नीट जमू दे, मग कात्री लावते," हे त्यांचं पालुपद.

शेजारचे घड्याळवाले दादा दारातूनच टोमणा मारत. "मावशी, कापड तसंच पांघरून वर जायचा बेत आहे का?"

"आधी तुमची घड्याळं तरी वेळेवर चालवा!"

त्या वर्षी मावशींचा उजवा हात थरथरू लागला. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "शिवायचं ते यंदा शिवून घ्या, आजी. पुढच्या वर्षी कात्री धरवेलच असं नाही."

मावशींनी त्याच दिवशी कापड टेबलावर अंथरलं. आणि बेचाळिसावा नमुना आखायला घेतला.

जेवणानंतर दार आतून लावून खुर्चीत डुलकी काढायची, ही त्यांची जुनी सवय. त्या दुपारी जाग आली तेव्हा टेप मांडीवर होता. खिळ्यावर टांगल्याचं त्यांना पक्कं आठवत होतं. म्हातारपण, दुसरं काय, म्हणत त्यांनी तो परत टांगला.

दुसऱ्या दुपारी टेप खांद्यावर होता. आणि कापडावर रेघा होत्या.

कोटाचा पाठीचा भाग, एका हाताने सलग ओढलेला. खडू पांढरा होता. मावशी आयुष्यभर निळाच वापरत आल्या होत्या. त्यांनी दार तपासलं, कडी आतून लागलेली होती. मग सवयीने रेघा निरखल्या आणि नाक मुरडलं. डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली!

"असलं वाकडं कोण बेततं?" त्या मोठ्याने म्हणाल्या आणि ब्रशने सगळं झटकून टाकलं.

तिसऱ्या दुपारी त्याच रेघा. तोच खांदा. तेच बोटभर. मावशींनी पुन्हा झटकल्या. चौथ्या दुपारी पुन्हा आल्या.

सातव्या दिवशी मावशी सुईत दोरा ओवायला बसल्या आणि अर्धा तास ओवतच राहिल्या. दोरा जाईना. बेचाळिसावा नमुना पुतळ्यावर लटकत होता, त्याचीही कॉलर उभी राहिली नव्हती. टेबलावर वाकड्या रेघा तशाच होत्या.

त्या उठल्या.

"वाकडं तर वाकडं," त्या म्हणाल्या. "होऊन जाऊ दे."

कात्री पांढऱ्या रेघेवर टेकली. मनगटाला एकदम गारवा लागला.

थरथर थांबली.

कापड करकरत दुभंगत गेलं. मावशींनी एकदाही मान वर केली नाही.

नऊ दिवसांत कोट झाला. पुतळ्यावर चढवला तर एका बाजूला लोंबला. दादा बघायला आले आणि हसू दाबत म्हणाले, "पुतळ्याला लकवा झालाय काय?"

मावशींनी रागारागाने कोट काढून स्वतःच्या अंगात घातला आणि आरशासमोर उभ्या राहिल्या.

दादांचं हसू विरलं.

कोट असा बसला होता, जणू अंगावरच वाढला असावा. मावशी बघत राहिल्या. चाळीस वर्षं मशीनवर वाकून त्यांचा डावा खांदा उतरला होता, बोटभर. जगाची मापं घेतली, स्वतःचं कधी घेतलंच नव्हतं. बेचाळीस नमुने त्यांनी पुतळ्यासाठी बेतले होते.

"दादा," त्या म्हणाल्या, आणि त्यांना हसू आवरेना, "अहो, मला जमलं!"

कोट घालून त्या रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आल्या, भर उन्हात.

दुसऱ्याच दिवशी शाळेतल्या एक बाई निळं कापड घेऊन आल्या. "मला अगदी तुमच्यासारखा हवा." कापड टेबलावर पसरून त्या आरशासमोर पर्समध्ये काहीतरी शोधत उभ्या राहिल्या. तेवढ्यात दादांनी हाक मारली म्हणून मावशी दारात गेल्या, चार शब्द बोलून परत आल्या आणि टेप घ्यायला वळल्या. खिळा रिकामा होता.

"या बाई, माप घेते. टेप कुठे गेला कोण जाणे."

"पुन्हा?" बाई आरशातून हसल्या. "आत्ताच तर घेतलंत की मागून." त्यांनी आपले दंड चोळले. "हात किती गार हो तुमचे!"

मावशींनी टेबलाकडे पाहिलं. निळ्या कापडावर पांढऱ्या रेघा ताज्या होत्या, उजवी बाही जराशी लांब.

त्यांनी बाईंच्या उजव्या हाताकडे एकवार नजर टाकली आणि कात्री उचलली.