आधी स्वतःवर

दुपारची जेवणं आटोपली, की काका स्पंजच्या दोन चकत्या मिठाच्या पाण्यात भिजवत, बेताने पिळत आणि यंत्राच्या पट्टीत बसवत. काकूंच्या मज्जातंतूंवरचं आवरण झिजत चाललं होतं. पाय रुसलेच होते, त्यात झोपेनेही पाठ फिरवली होती. म्हणून डॉक्टरीणबाईंनी कपाळावरून अगदी मंद वीजप्रवाह सोडणारं हे यंत्र घरी वापरायला दिलं होतं.

"पट्टी फक्त काकूंना लावायची," असं त्यांनी बजावलंही होतं. पण काका तंत्रनिकेतनात मुरलेले. कुठलीही जोडणी स्वतःवर तपासल्याशिवाय दुसऱ्याला द्यायची नाही, हा त्यांचा शिरस्ता. ते रोज पट्टी आधी आपल्या कपाळाला लावत आणि मुंग्या आल्यासारखं झालं, की काढत.

"लागू दे तुम्हाला थोडा शॉक," काकू हसत. "इतकी वर्षं मीच सोसलाय."

गुण आला. एका दुपारी काकू गाढ झोपून उठल्या.

"अहो, स्वप्नात मी हिरव्या सायकलवरून पडले. मागून कुणी तरी ओरडत होतं, 'पुढे बघ, बछड्या!'"

काका चपापले. वडील गेल्यापासून त्यांना त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती, आणि काकूंना त्यांनी ते कधी सांगितलंही नव्हतं.

त्याच सुमारास काकांची झोप उडाली. पाठ टेकताच घोरणारा माणूस आता टक्क छताकडे पाहत राही. तरी ते गडबडले नाहीत. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी, म्हणून एक दिवस त्यांनी पट्टी थेट काकूंना लावली.

काका खुर्चीतच ढाराढूर झोपले. जाग आली, तेव्हा काकू उशीत तोंड खुपसून रडत होत्या.

"डोळ्याला डोळा नाही हो लागला. पाय गेले तर गेले, झोप तेवढी राहू द्या."

दुसऱ्या दिवशी काकांनी पट्टी पुन्हा आधी स्वतःला लावली. नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ.

काकू झोपल्या. काका त्यांचा हात हातात घेऊन बसले.

बाहेरच्या खोलीत मुलीची चाहूल लागली.

"बाबा, आहात का?"

काकांनी तोंड उघडण्याआधीच उत्तर गेलं, "आहे गं, ये."

काकूंचे ओठ हलले होते. डोळे मिटलेलेच होते.

मुलगी दबक्या पावलांनी आत आली आणि काकांकडे पाहून कुजबुजली,

"बाबा, केवढ्याने बोलता! आई झोपलीय ना."