नाही म्हटलं तरी

"आज पाचवा आला," ती म्हणाली. पर्स तिनं मांडीवर घट्ट धरली होती.

ती फिजिओथेरपिस्ट होती, एकटी राहायची. डेटिंग ॲपवर कुणीतरी तिच्या फोटोसह खोटं खातं उघडलं होतं आणि दहा दिवसांत पाच अनोळखी पुरुष तिच्या दाराशी धाडले होते. पाचव्यानं तिला आलेला मेसेज दाखवला: 'घंटी बिघडलीय. खिडकीवर टकटक कर. नाही म्हटलं तरी जाऊ नकोस.'

"पोलीस काय म्हणाले?" वहिनींनी विचारलं. कोर्टात वीस वर्षं लघुलेखन करून त्या आता खाजगी तपास करत.

"म्हणाले, कुणी हात लावला का? नाही ना? मग ॲप काढून टाका."

"घंटी खरंच बिघडलीय?"

"मीच रविवारी वायर उपटली. ती वाजली की वाटायचं, आणखी एक आला."

"हे कुणाला सांगितलंत?"

"घरच्यांना नाही. फक्त सरांना." सर म्हणजे ॲपवरचेच एक शिक्षक. दोन महिने रोज धीर देत होते, पण फक्त मेसेजवर. घसा बसलेला असतो म्हणून फोन नाही.

"असा एक तरी भला माणूस आहे म्हणायचा," वहिनींचे दीर, भाऊजी, म्हणाले. तपासाला ते नेहमी बरोबर असत.

दोघं आधी तिच्या बहिणीकडे गेले. "सोमवारी घंटी दाबून दाबून बोट दुखलं. मला वाटलं वीज गेली."

घरमालक कुरकुरला, "बिघडली तर सांगायचं ना, दुरुस्त करून दिली असती."

तिसरा फोटोग्राफर. तिनं तीन महिन्यांपूर्वी नकार दिलेला. स्टुडिओत लेन्स पुसत तो हसला. "तेव्हापासून तिचं तोंड पाहिलेलं नाही. स्वतः घंटीची वायर उपटून बसते आणि संशय माझ्यावर?"

बाहेर आल्यावर भाऊजी म्हणाले, "मला तर घरमालकच वाटतो."

दुसऱ्या दिवशी वहिनींच्या आग्रहावरून पोलीस अधिकाऱ्यानं फोटोग्राफरला ठाण्यात बोलावलं. तीही आली होती.

"घंटी 'बिघडली' हे कुणालाही कळलं असतं," वहिनी म्हणाल्या. "वायर 'उपटली' हे फक्त सरांना. आम्ही तर यांच्यापुढे घंटीचा विषयही काढला नव्हता. तरी यांच्या तोंडी नेमका तोच शब्द आला. कुठून?" त्या तिच्याकडे वळल्या. "सरांना एक मेसेज करा."

तिनं लिहिलं, 'सर, आहात का?'

फोटोग्राफरच्या खिशात फोन थरथरला.

भाऊजींचं तोंड उघडंच राहिलं.

"पण मी तिच्या दाराशी पाऊलही ठेवलेलं नाही!" फोटोग्राफर ओरडला.

अधिकारी घुटमळला. "तेच तर. हा स्वतः गेलाच नाही. कलम कुठलं लावू?"

"पाच माणसं यानं पाठवली. 'नाही'ला जुमानू नका, हेही यानंच शिकवलं. कायद्यानं हात लागायची वाट बघायची का?"

अधिकाऱ्यानं फोन काढून घेतला, फॉर्म पुढे ओढला आणि बराच वेळ लिहीत राहिला. मग फॉर्म तिच्याकडे सरकवला. "सही."

तिनं वाचलं. "यात सर नाहीत. माझं सगळं मी त्यांना सांगत होते. ते यानं माझ्यावरच उलटवलं."

"त्याला रकाना नाही, ताई."

"मग मागच्या पानावर लिहा," वहिनी म्हणाल्या.

अधिकाऱ्यानं पान उलटलं. "सांगा."

तिनं डोळे पुसले. "पहिल्या दिवशी त्यानं विचारलं होतं, जेवलीस का?"