काठावरची बाई

भैय्याजी गेले त्याला वर्ष झालं आणि त्यांच्या आवडत्या चित्राच्या चौकटीला वाळवी लागली. आंजी गावातल्या त्यांच्या किराणा दुकानात टांगलेलं ते चित्र १९११ सालचं. कोण्या साहेबाने तांब्याच्या पत्र्यावर गावची विहीर कोरून कागदावर छापलेली. एक निंब, दोन बैल, दुपारची सुस्त सावली. आणि उजव्या काठाला, विहिरीपासून दूर, दगडावर पाठमोरी बसलेली एक बाई. पुढ्यात रिकामी घागर.

तेव्हा सगळ्याच जातींना विहिरीला हात लावू देत नसत. कोणी वरून पाणी ओतेपर्यंत बसून राहावं लागे.

जेवायला बसण्याआधी भैय्याजी रोज चित्राखाली पाण्याचा गिलास ठेवायचे. नात गुंजन एकदा म्हणाली, "काऊन ठेवता, आबा?"

"माह्या आजीनं तिले 'थांब जराशी' म्हटलं, अन् मंग पाणी ओताले गेलीच नाई. थे बसूनच हाय. माह्यामागं तू ठेवत जाजो."

गुंजन हो म्हणाली होती. दोन महिने ठेवलाही. मग दहावीचे क्लास लागले.

मे महिन्यात बाबांनी तयार चौकट आणली आणि तिला चित्र घेऊन वर्ध्याला प्रेमदासच्या फ्रेमच्या दुकानी पाठवलं. प्रेमदासने चित्र काचेवर पसरलं.

"चौकट दोन बोटं लहान आणली तुह्या बापानं. हा उजवा काठ कापतो, पोरी. रिकामाच तं हाय."

रिकामा नव्हता. गुंजनला बाईच्या खांद्यावरची बारीक रेघही दिसत होती.

"तोंडात सुपारी हाय का? कापू का नको?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. तिने होकाराची मान हलवली. कशी हलली, ते तिलाच कळलं नाही.

पातं खर्रकन फिरलं. भर उन्हात ओल्या मातीचा वास आला... आणि गेला. कापलेली पट्टी मागून घेऊन तिने वहीत ठेवली.

घरी येऊन वही उघडली. पट्टीवर नुसता दगड होता. बाई नव्हती. घागर नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानासमोर रस्त्याच्या धुळीत एक गोल खूण दिसली, घागरीच्या बुडाएवढी. तिसऱ्या दिवशी ती रस्त्याच्या अलीकडच्या निंबाखाली होती. चौथ्या दिवशी दुकानाच्या पायरीशी.

"कोण घागर ठेवून राह्यलं इथं?" बाबा म्हणाले.

"बाबा... कोणी पाणी मागाले आलतं का?"

"नळ असून? उन्हात बसू नको, चक्कर येईन."

ते जेवायला आत गेले. रस्ता सामसूम. गुंजनने चित्राखाली गिलास ठेवला, मग उचलला. तिथे आता कोण होतं?

रांजणातून कळशी भरून ती पायरीवर आली. खुणेपुढे उकिडवी बसली.

"चुकलं माह्यं," ती हळूच म्हणाली. या वेळी तोंड तरी उघडलं. "घ्या... मी ओतून राह्यली."

तिने कळशी वाकडी केली. धार सरळ खुणेवर पडत होती. गुंजन बघत राहिली. मग आत धावत जाऊन तिने दुसरी कळशी आणली, मग तिसरी. हात भरून आले. रांजणाचा तळ लागला.

खालची धूळ मात्र कोरडी ठक्क होती; पाणी वरच्यावरच कुठे तरी जात होतं. आणि घागर भरत आल्याचा आवाज अजून येत नव्हता.