चूकरोपण

चूकरोपणाच्या आठवड्यात विद्यापीठाच्या मेसमध्ये गोडधोड करत नाहीत. तसा काही नियम नव्हता, पण पहिल्या तुकडीतल्या मुलांनी शिऱ्याची ताटं न खाता तशीच बाजूला सारली, तेव्हापासून आचारीच शहाणे झाले. पालकांनीही स्वतःला काही दंडक घालून घेतले होते. रोपण करून बाहेर आलेल्या मुलाला काही विचारायचं नाही, रडलं तर रडू द्यायचं आणि मुकाट घरी न्यायचं. शर्वरी खैरमोडे हे सगळं मनाशी घोकत त्या दुपारी विद्युत विभागाबाहेरच्या बाकावर बसली होती. आत तिची उर्वी होती, दुसऱ्या वर्षाला शिकणारी.

हा प्रकार सुरू झाला तो शिकवणाऱ्यांच्या हतबलतेतून. अभियांत्रिकीच्या मास्तरांनी काय करून पाहिलं नव्हतं? फळ्यावर शिकवलं, पडद्यावर शिकवलं. व्याख्यान घरी ऐका आणि वर्गात गणितं सोडवा, असंही सांगून झालं. गट पाडून प्रकल्प दिले. मुलं परीक्षेत भरघोस गुण आणायची आणि कामावर रुजू झाली की पहिल्याच वर्षी हात भाजून घ्यायची. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं आपण मोठ्या ऐटीत म्हणतो. डॉ. विभावरी टिल्लूंनी शेकडो विद्यार्थी तपासून दाखवून दिलं की ते साफ खोटं आहे. मागचा कधीच शहाणा होत नाही. ठेच ज्याची त्यालाच लागावी लागते.

मग त्यांनी ठेचच दुसऱ्याला द्यायची युक्ती शोधली. ज्याच्या हातून खरीखुरी, जीवघेणी चूक घडली आहे, त्याच्या मेंदूत ती आठवण जागी करायची. मेंदूतल्या पेशींच्या जाळ्यात तिची जी नक्षी उमटते ती टिपून घ्यायची आणि तीच विद्यार्थ्याच्या मेंदूत उमटवायची. विद्यार्थ्याला मग ती कुणाची तरी हकिगत वाटत नाही, आपल्याच हातून घडलेली गोष्ट वाटते. हेच चूकरोपण. या विद्यापीठातून बाहेर पडलेल्या एकाही इंजिनिअरच्या हातून आजवर अपघात घडला नव्हता. सरकार खूश, कारखानदार खूश, आणि पालकांचं तर विचारूच नका.

शर्वरीही खूशच होती. तिचा नवरा तन्मय वीज उपकेंद्रात कामावर असतानाच गेला, तेव्हा उर्वी बालवाडीत होती. यंत्रातच दोष होता, कपॅसिटर फुटला, असं त्याचा जोडीदार हेरंब वझलवार याने तेव्हा घरी येऊन सांगितलं होतं. पुढे हेरंब नोकरी सोडून या विद्यापीठात शिकवायला लागला. दर दिवाळीला तो घरी यायचा. उर्वीला इथे घाला, असा आग्रहही त्याचाच. "वहिनी, इथे शिकलेलं पोर चुकत नाही," असं तो म्हणाला होता, आणि शर्वरीला ते पटलं होतं.

दार उघडलं आणि मुलं एकेक करत बाहेर आली. उर्वी सगळ्यांच्या शेवटी आली. ती रडत नव्हती. शर्वरीने पुढे होऊन तिचा हात धरला, तसा तिने तो चटका बसल्यासारखा ओढून घेतला.

"आई, मला हात लावू नकोस."

"बरं, नाही लावत. चल, घरी जाऊ."

"मी सप्लाय बंद केला होता," उर्वी भिंतीकडे बघत म्हणाली. "पण नुसता बंद करून भागत नाही ना. गॅस बंद केला तरी तवा तापलेलाच राहतो, तसा कपॅसिटर वीज धरून बसतो. त्याला दांडा लावून ती जमिनीत सोडावी लागते. आत जाणारा माणूस विचारतो, 'मोकळं का?' आणि ज्याने दांडा लावला त्यानेच 'हो' म्हणायचं असतं. मी लावलाच नव्हता, आई. तो म्हणाला, 'मोकळं का, राजे? आटपा लवकर, आज माझी पोरगी नाटकात बेडूक झालीय.' आणि मी म्हणाले, 'हो, जा.'"

शर्वरीला आधी काहीच उलगडलं नाही. मग ती बाकावर बसली. बेडकाचा तो हिरवा झगा तिने स्वतःच्या हाताने शिवला होता. जगात कुणालाही 'राजे' म्हणणारा माणूस तिला एकच ठाऊक होता. त्या संध्याकाळी बालवाडीच्या गॅदरिंगमध्ये तिने शेजारची खुर्ची पर्स ठेवून अडवून धरली होती.

"बाबा होता तो," उर्वी म्हणाली. "मी मारलं बाबाला."

डॉ. टिल्लूंच्या खोलीत शर्वरी दार न वाजवताच शिरली. तिचं बोलणं ऐकता ऐकता टिल्लूंचा चेहरा पांढराफटक पडला.

"आम्ही चेहरे पुसतो हो. नावं पुसतो, आवाज बदलतो."

"आणि बोलणं?"

"ते ठेवावं लागतं. आधी तेही काढून टाकायचो, तर महिन्याभरात मुलं सगळं विसरायची. घरचं काही, जेवणाखाणाचं काही सोबत असलं तरच चूक रुजते."

"पण ही त्याचीच मुलगी! तेवढंसुद्धा बघितलं नाहीत तुम्ही?"

"गेलेल्या माणसाचं नाव विचारायचंच नाही, असा आमचा दंडक आहे. नाव कळलं की आमचेही हात थरथरतात."

"मग आत्ताच्या आत्ता काढा ते तिच्या डोक्यातून."

"नाही निघत ते, ताई. आता ते तिच्या बाकीच्या आठवणींत गुंतलंय. ओढायला गेलं तर त्याही येतील. आणि वडिलांच्या सगळ्यांत आधी."

शर्वरीने टेबलाची कड घट्ट धरली. यंत्रातला दोष! इतकी वर्षं हा माणूस दिवाळीचा फराळ खात आपल्यासमोर बसला आणि आपण त्याला दुसऱ्यांदा चकल्या वाढल्या. "हेरंबला बोलवा," ती म्हणाली. त्याच्या नावापुढे 'भाऊजी' लावायचं तिच्या जिभेवर आलंच नाही.

हेरंब आला तो हसतच. "वहिनी! झालं का उर्वीचं? पहिले चार दिवस जड जातात, मग पोरं सावरतात."

"तन्मय कसा गेला?"

त्याचं हसू मावळलं. "आज कुठे ते काढलंत? कपॅसिटर फुटला, वहिनी. चौकशीतही तेच निघालं होतं."

"दांडा लावला होतास तू?"

"लावला असणारच की. मी कधी विसरत नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. खोटं बोलणारा माणूस कुठे तरी चाचरतो, नजर तरी चुकवतो. याच्या डोळ्यांत निखळ दुःख होतं आणि थोडी काळजीही होती, तीसुद्धा तिचीच.

"त्यांना आठवत नाहीये," टिल्लू खालच्या आवाजात म्हणाल्या. "आठवण जागी केली की ती ओल्या मातीसारखी मऊ होते. तिच्यावरून पुन्हा पुन्हा ठसा घेतला की मूळ नक्षी झिजत जाते. नकलेची नक्कल फिकी पडते, म्हणून आम्ही दर तुकडीसाठी मूळ आठवणच वर काढायचो. पहिल्यांदा हे माझ्याकडे आले ते रडत रडत. प्रायश्चित्त म्हणून देतो म्हणाले. आता चौकशीत जे निघालं तेवढंच त्यांच्यापाशी उरलंय."

"तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"त्यांना झोप लागायला लागली होती. बरं वाटतंय माणसाला, तर कशाला बोलायचं, असं वाटलं मला."

"मॅडम, कसलं प्रायश्चित्त?" हेरंबने विचारलं. "काय केलं मी?"

शर्वरीला त्याच्या थोबाडीत मारायचं होतं, हात वरही गेला होता, पण समोर जो उभा होता त्याला मारून तन्मयला मारणाऱ्यापर्यंत काहीच पोचणार नव्हतं. याने उर्वीला इथे घालायला सांगितलं तेही निर्मळ मनाने सांगितलं होतं. तन्मयला कुणी मारलं ते आता फक्त पोरांना ठाऊक होतं, आणि त्यातलं प्रत्येक पोर म्हणत होतं, मी मारलं. ती तशीच बाहेर आली.

उर्वी बाकावर बसली होती. आईला बघून ती उठली आणि थेट तिच्या पायांवर वाकली.

"मला माफ कर, आई."

"उठ आधी! तू काही केलेलं नाहीस. तू पाच वर्षांची होतीस, माझ्याजवळ होतीस."

"ते कळतंय मला. पण 'हो, जा' म्हटलेलं मला आठवतंय, त्याला काय करू? तू नाही माफ केलंस तर कोण करणार?"

बाळ आजारी पडलं की आई म्हणते ना, उतरवून घेते तुझं दुखणं, तसं काही तरी शर्वरीच्या मनात आलं. दोन शब्दच तर म्हणायचे होते. तिने उर्वीला उठवलं, जवळ घेतलं.

"केलं माफ," ती म्हणाली.

उर्वीने तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि आता कुठे ती रडायला लागली. शर्वरी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. इतकी वर्षं यंत्रावर राग धरता येत नव्हता म्हणून तो कुठे तरी तसाच पडून होता. हेरंबनेही तो घेतला नव्हता. पाठीवरचा हात थांबला.

"पण दांडा का नाही लावलास?" शर्वरीने विचारलं. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "इतकं काय अडलं होतं गं तुझं? कितीसा वेळ लागतो त्याला?"

तिने चटकन तोंडावर हात दाबला. पण उर्वी मागे सरली होती, तिने मान खाली घातली होती, आणि ती खरं खरं सांगायला लागली.