चिमटीतला जोड

पत्र्याचे जोड तपासायची माझी पद्धत रांगडी आहे. दोन पत्र्यांच्या फटीत छिन्नी घालायची आणि वर हातोडा हाणायचा. स्पॉट वेल्डिंगचा ठिपका कच्चा असेल तर पत्रे टक्कन सुटतात. पक्का असेल तर ठिपका सुटतच नाही, त्याच्या भोवतीचा पत्राच फाटतो. एका पत्र्याला भोक पडतं आणि दुसऱ्यावर गुंडीएवढा तुकडा चिकटून राहतो. आमच्याकडे फाटलं तर पास, सुटलं तर नापास.

तीन नंबरच्या मशीनवर माझा धाकटा भाऊ, बारक्या. चांगला सहा फूट उंच आहे, पण नाव पडलं ते पडलं. गेल्या महिन्यात त्याचे जोड माझ्या छिन्नीखाली भराभर सुटायला लागले. "बहीण आहेस की वैरीण?" असं सगळे मला चिडवायचे. चिडवेनात का! त्या पत्र्यांचे गाडीचे दरवाजे होतात, तिथे डोळेझाक मला जमत नाही. सुपरवायझरने मात्र सांगून टाकलं की अजून एकदा माल नापास झाला की बारक्या घरी. आणि घरात बायको आणि चार वर्षांची छकुली. मला जेवण गोड लागेना.

सोमवारी सकाळी त्याच्याकडे गेले तर मशीन बंद. पत्रे दाबणाऱ्या तांब्याच्या टिपा झिजल्या म्हणून फिटर त्या काढून घेऊन गेला होता. बारक्याने दोन कोरे पत्रे एकावर एक ठेवून चिमटीत धरले होते.

"बघ ताई, मधे फट राहते. पत्राच वाकडा येतोय. यात माझा काय दोष?"

"दे इकडे."

त्याने चिमूट सोडली. पत्रे सुटले नाहीत.

तेलाने चिकटले असतील, म्हटलं. नखाने ओढून पाहिलं, मग छिन्नी घातली, मग हातोडा. पत्रा कर्रकन फाटला. भोक पडलं होतं आणि भोवती अंगठ्याएवढा निळसर गोल होता.

"अगं, मशीन बंद आहे," बारक्या म्हणाला. हसायला गेला, पण त्याला जमलं नाही.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. मी आणखी दोन पत्रे त्याच्या हातात दिले. ठिणगी नाही, धूर नाही, तरी तेही जोडले गेले. तापल्या लोखंडाचा वास तेवढा आला.

"भाजतंय का रे?"

"नाही. गारच लागतंय."

मशीन दुरुस्त झालं आणि त्याचा सगळा माल पास व्हायला लागला. सुपरवायझरने पाठ थोपटली. बारक्या मात्र कॅंटीनमध्ये येईनासा झाला. एकदा आला तेव्हा ताटलीला चमचा चिकटला. मी म्हटलं, लोखंडापुरतंच आहे, घाबरू नकोस. मग त्याच्या रुमालाच्या घडीचे दोन पदर एक झाले. तरी मी म्हटलं, होईल बरं. माझाच आवाज मला खोटा वाटत होता.

गुरुवारी तो चामड्याचे हातमोजे घालून माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. उजव्या मोज्याचा अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांना जोडलं गेलं होतं. मी कात्रीने मोजा कापून काढला. आतली बोटं त्याने झटकन फाकवली आणि तशीच धरून ठेवली.

"ताई, चामडं म्हणजे कातडंच ना गं?"

मी कापलेला मोजा उलटा करून पाहिला.

"सोमवारपासून छकुलीला उचललं नाहीये. दार उघडलं की धावत येऊन पायाला मिठी मारते. मी आपला हात वर करून उभा, पकडलेल्या चोरासारखा. बाबा कट्टी, म्हणते."

त्याचे डोळे भरून आले, पण पुसायला त्याने हात वर नेला नाही.

"हे बघ, आत्ताच्या आत्ता सुट्टी टाक. घरी जा, हात काखेत धरून बस, कशाला शिवू नकोस. शिफ्ट संपली की मी येते, आपण डॉक्टरकडे जाऊ."

मला भीती वाटत होती.

दुपारी त्याच्या घरी पोचले. भावजयीने ओठांवर बोट ठेवून दार उघडलं.

"हळू हं, ताई. दोघंही झोपलेत. हे आल्यापासून हात काखेत घालून बसले होते, बसल्या बसल्या डोळा लागला. आणि या बयेने बघा कसा डाव साधला!"

बारक्या आरामखुर्चीत होता. एक हात काखेतून सुटून खाली लोंबत होता. छकुली जमिनीवर, खुर्चीला टेकून झोपलेली. तिचा पंजा त्याच्या चिमटीत होता.

खोलीत तापल्या लोखंडाचा वास होता.

"मघाशी हिला उचलून गादीवर निजवणार होते," भावजय म्हणाली. "पण हात काही सोडत नाहीत."

ती वाकली. एका हाताने तिने छकुलीचं मनगट धरलं, दुसऱ्याने बारक्याचं.

बारक्याचे डोळे उघडे होते. कधीपासून, कोण जाणे.

"ओढू नकोस," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

भावजयीला हसू आलं. "काय हे, बहीणभाऊ! अहो, हळूच काढते. लागायचं नाही तिला."